मामांचा आवाज अपडेट होऊन राहिला

तुम्हाला कॉम्प्युटरातलं थोडंफार कळतं, ही बातमी एकदा नातेवाइकांत फुटली की तुमचं आयुष्य तुमचं राहत नाही. मी अमरावतीच्या एका कॉलेजात, ऑफिसमध्ये पगारबिलं करते. रोज तेच रकाने, तीच बटणं. पण आमच्या खानदानात मी 'कॉम्प्युटरवाली सुमन'. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारून कुणीतरी वाकून विचारतं, "सुमे, आमचं इतकं स्लो काहून चालून रायलं?" आता पंगतीत बसून मी काय तपासणार? "एकदा रिस्टार्ट करा," म्हणते आणि जिलेबी मागून घेते.

अशानं किस्से साठत जातात. नको म्हटलं तरी साठतात. ऑफिसात डबा खाताना मी ते सांगते, सगळे हसतात, मीही हसते. पण अकोल्याच्या मामांकडचे किस्से सांगताना मला दर वेळी आठवतं, की हे घडत होतं तेव्हा मी जाम घाबरले होते. म्हणून आज आधी ती भीती सांगते, मग किस्से.

आमचे मामा फुलांचे. पातूरच्या बाजूला मळा, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि अकोल्यात फुलांचं दुकान. मामांनी दुकानातून भाव सांगितला की चौकातला रिक्षावाला वळून बघायचा, असा आवाज. तंबाखूनं तो खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं, गळ्यातलं स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

दवाखान्यातल्या एका बाईंनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. मामांनी एका बोटानं टाइप करायचं, एंटर मारायचं आणि कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोलून दाखवणार. मामांच्या मुलानं, प्रमोदनं, त्याला गणपतीतले स्पीकर जोडून दिले. झालं काम.

पाटी-पेन्सिल का नाही, असं मीही विचारलं होतं. मामांनी पाटीवरच लिहून दाखवलं, "पाटीनं हाक मारता येते काय?" मामी दिवसभर आत स्वयंपाकघरात, मामा बाहेर बैठकीत. मोबाइलही देऊन पाहिला, पण मामांचं मातीतलं बोट एका दमात तीन अक्षरं दाबायचं.

म्हणजे मामीला हाक मारण्याची मामांची सगळी ताकद त्या एका जुन्या कॉम्प्युटरात होती. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद पडलेली, दवाखान्यातल्या बाई कुठे बदलून गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. जाताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "मोठं अपडेट येऊ देऊ नका. त्यानंतर हे चालेल याची मी खात्री देत नाही." आणि हल्लीचे कॉम्प्युटर कसे असतात तुम्हाला माहीत आहे. ते आपल्याला विचारून अपडेट होत नाहीत, स्वतःच होतात.

*

पहिला किस्सा मात्र अपडेटच्या आधीचा आहे.

प्रोग्रॅम बसला, स्पीकर जोडले, सगळं घर बैठकीत जमलं. ऑपरेशननंतर मामा पहिल्यांदा बोलणार होते. मामीनं देवापुढे दिवा लावला होता. भेटायला आलेले एक लांबचे पाहुणेही होते. आजारी माणसाला पाहायला म्हणून ते आले आणि जेवण चांगलं मिळतं म्हणून राहूनच गेले होते. तेच सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसले.

मामांनी बराच वेळ टाइप केलं. मामीनं पदर डोळ्यांना लावला. मामांनी एंटर मारलं.

"हा पाहुना कवा जाईन?"

गणपतीच्या स्पीकरवरून! मामांना वाटलं होतं, आधी फक्त पडद्यावर दिसेल आणि मामी तेवढं वाचेल. पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं गेले.

त्या आवाजाची एक गंमत सांगायची राहिली. तो आवाज मूळचा हिंदी. मराठी वाचायचा, पण त्याला 'ळ' म्हणता यायचा नाही. 'पोळी' टाइप केलं की 'पोली' म्हणायचा. मामा चिडले आणि घरात बोलतात तसंच टाइप करायला लागले. 'पोयी', 'डोया', 'केयं'. लगेच सगळं चोख! आमच्या घरात शुद्ध मराठी अडखळायची आणि वऱ्हाडी धडधडा चालायची.

*

मग पहिलं अपडेट आलं.

कुणी आणलं, कधी आलं, काही कळलं नाही. सकाळी मामांनी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर लावला आणि पाणी मागितलं. मामी आत पोळ्या लाटत होती. बैठकीतून एका तरण्याताठ्या बाईचा लाडिक आवाज आला, "कमल, पानी आन."

मामीला नावानं हाक मारणारा त्या घरात एकच माणूस. ही कोण सटवी माझ्या घरात येऊन मला हुकूम सोडते, म्हणून मामी लाटणं घेऊनच बाहेर आली. बैठकीत मामांशिवाय कुणी नाही. मामा घामाघूम होऊन पडद्याकडे बोट दाखवतायत आणि एका बोटानं टाइप करतायत.

ती बाई म्हणाली, "मी हाय, मी. तुहा नवरा."

मामी म्हणाली, "माहा नवरा असा लाडात बोलत नसते."

तिनं मला फोन केला, मी रजा टाकून अकोला गाठलं. अपडेटनं आवाजांची यादी उलटीपालटी केली होती, मामांचा जुना आवाज पार तळाशी जाऊन बसला होता. तो पुन्हा वर आणला. मामांनी पहिली शिवी दिली ती त्या अपडेटला. सगळे हसले. मी हसले नाही. या वेळी आवाज यादीत तळाशी तरी होता. पुढच्या वेळी नसलाच तर, हा विचार परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत माझ्या सोबत बसून आला.

*

अपडेट एक वेळ परवडलं, पण न बोलावता येऊन बसणारी ती बाकीची गर्दी फार वाईट. कुठे हवामान दाखवणारा डबा, कुठे पत्त्यांचा खेळ, कुठे स्वस्त साड्या, कुठे 'तुमचा कॉम्प्युटर वेगवान करतो' म्हणणारा आणि कॉम्प्युटरचा जीव खाणारा. मामांच्या कॉम्प्युटरवर हे सगळं होतं, आणि ते सगळं मामीनं आत घेतलं होतं.

पडद्यावर चौकोन यायचा, 'घेऊ का?' मामा चहा प्यायला उठलेले असायचे. मामी येता-जाता 'हाव' दाबायची.

"मामी, नाही दाबायचं ना," मी म्हटलं.

"बाई, दारात येऊन कोनी बिचारा इचारते, 'येऊ का?' तं तोंडावर नाई कसं म्हनाव?"

अशा पाहुणचारानं कॉम्प्युटर इतका लदला की मामांचं बोलणं बाहेर पडायला वेळ लागायला लागला. मामा चहा मागायचे, वाट पाहायचे, कंटाळायचे, स्वतः उठून आत जायचे, चहा घेऊन परत येऊन बसायचे. अर्धा चहा झाला की स्पीकरमधून हाक यायची, "कमल, चहा दे."

मामी आतून म्हणायची, "आता तं देल्ला ना!"

*

याच काळात प्रमोदला मुलगी सांगून आली, नांदगाव खंडेश्वरची. नाव वर्षा. मुलीकडचे घर पाहायला अकोल्याला आले आणि मुलगीही सोबत आली, हल्ली येतात. मीही अमरावतीहून गेले होते. मामांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता आणि कॉम्प्युटर पुसून ठेवला होता.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. तो प्रोग्रॅम मामांनी टाइप केलेलं तर वाचायचाच, पण पडद्यावर उगवणाऱ्या सूचनाही वाचायचा. त्याच आवाजात.

चहा-पोहे झाले, बोलणं रंगलं. मामांना मुलगी आवडली होती. त्यांनी सगळ्यांकडे पाहून टाइप केलं आणि ऐटीत एंटर मारलं.

"वर्षा आमाले पसंत हाय." आणि दमही न घेता पुढे, "खतरा मिला है. तुरंत हटाएँ."

बैठक गार. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मामांचा चेहरा पांढरा पडला. ते घाईघाईनं काहीतरी टाइप करायला गेले तर कॉम्प्युटर पुन्हा म्हणाला, "खतरा अब भी मौजूद है."

ज्याला आवाज नाही त्या माणसानं 'हे मी बोललो नाही' हे सांगायचं तरी कशानं? आणि आमचा प्रमोद काही बोलायचं सोडून छताकडे बघत बसलेला.

वर्षाच उठली. पडद्यापाशी गेली, वाकून पाहिलं. म्हणाली, "बाबा, थे अँटिव्हायरस बोलून रायलं. यायच्या कॉम्प्युटरवर दोन दोन हायेत."

तिच्या वडिलांनी कप पुन्हा उचलला आणि ते म्हणाले, "दोन दोन? म्हंजे घर चांगलं सांभायतेत म्हना."

लग्न जमलं.

*

लग्नानंतर वर्षानं आणि मी मिळून साफसफाई काढली. ती माउसवर, मी बाजूला, मामी स्टुलावर आणि मामा पाठीमागे उभे. मामांना बसवेना. त्यात काय अडकलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

एकेक आगंतुक काढताना मामीचा जीव तुटायचा. "हे काय होय?"

"हे हवामान सांगतं."

"मंग राहू द्या ना. तुमाले काय करून रायलं थे? कोपऱ्यात बसून हाय."

"मामी, हेच मामांचा आवाज अडवून बसलंय."

"काढ त्याले," मामी म्हणाली. एका क्षणात दयामाया संपली.

पण आमची खरी भीती वेगळी होती. सगळ्यांची नावं इंग्रजी, निम्मी नुसती अक्षरांची जुळणी, आणि मामांच्या प्रोग्रॅमचं नावही तसलंच अगडबंब. त्याच्या मदतीला आणखी काय काय लागतं हे आम्हा दोघींना कुठे ठाऊक? भलतंच काही काढलं आणि त्याच्याबरोबर मामांचा आवाज गेला तर पुन्हा आणायचा कुठून? वर्षाचं बोट 'काढून टाका'वर जाऊन थबकायचं. ती माझ्याकडे बघायची, मी मामांकडे.

शेवटी मामांनीच रीत काढली. एक आगंतुक काढून झाला की ते वाकायचे आणि टाइप करायचे, "हाय." कॉम्प्युटर म्हणायचा, "हाय." मग पुढचा. पुन्हा, "हाय."

एकदा उत्तर आलंच नाही. एंटर मारलं आणि काही नाही. मामीनं वर्षाचा हात धरला. मामांनी पुन्हा एंटर मारलं. मी मनात जे म्हणत होते ते देवाला उद्देशून होतं, पण प्रार्थना म्हणावी असं नव्हतं.

"हाय," कॉम्प्युटर म्हणाला. आणि लगेच दुसऱ्यांदा, "हाय." तो फक्त दमून गेला होता.

त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. पत्त्यांचा खेळ अजून त्यात आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

*

यापुढे अपडेटच नको, म्हणून प्रमोदनं इंटरनेटचा डोंगल काढून कपाटात ठेवला. नेटच नाही तर अपडेट येणार कुठून? मला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पण मामांची एक अडचण होती. दर वर्षी ते गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जायचे. ऑपरेशननंतर जाणं होईना, म्हणून ते तिथली संध्याकाळची प्रार्थना कॉम्प्युटरवर पाहायचे. आवाज नसलेला माणूस प्रार्थनेत ओठ हलवत बसायचा. नेट गेलं, प्रार्थनाही गेली.

एका संध्याकाळी प्रमोद आतल्या खोलीत दुकानाचा हिशेब करत होता. बैठकीतून मामांचा आवाज आला, स्पष्ट आणि खणखणीत, "आप इंटरनेट से जुड़ गए हैं."

प्रमोद धावत बाहेर आला. मामा हात मागे घेऊन साळसूद बसलेले. डोंगल लावलेला.

"बाबा, थे काढा."

मामांनी टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, "मी नाई लावलं."

"आता तुमीच तं बोल्ले."

"थो मी नोयतो. थो कॉम्प्युटर होता."

तोच आवाज. दोन्ही वेळा तोच! प्रमोदनं मला फोन करून विचारलं, "ताई, आता याच्यात खरं कोन बोलून रायलं, कसं ओयखाव?"

मग तडजोड झाली. प्रार्थनेपुरतं नेट लावायचं आणि अपडेटला सेटिंगमधून थांबवून ठेवायचं. पण कंपनी अपडेट कायमचं थांबवू देत नाही, काही आठवड्यांची मुदत देते. मुदत संपत आली की आत जाऊन ती वाढवायची. विसरलात की गेलात. ते काम प्रमोदकडे दिलं आणि आठवण करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी पगारबिलं विसरेन, पण ते विसरत नव्हते. "वाढवलं का?" एवढंच फोनवर विचारायचं. "वाढवलं, ताई," एवढंच उत्तर.

*

मे महिन्यात प्रमोद आणि वर्षा नांदगावला गेले, तिच्या भावाचं लग्न होतं. मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपत होती. प्रमोद लग्नघरात फोन उचलेना. मी मामीला लावला.

"मामी, कॉम्प्युटरचं वाढवायचं आहे आज. प्रमोदनं दाखवलंय ना?"

"हाव. माईत हाय मले. वाढवते."

रात्री पुन्हा विचारलं, "वाढवलं का?"

"कवाचंच वाढवलं. तू झोप बरं आता."

मी झोपले.

आता हे तुम्हाला सांगायला नको. दुकान 'बंद केलं' असं फुलवाल्याच्या घरात कुणी म्हणत नाही, दुकान वाढवतात. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. आणि कॉम्प्युटर तर मामांचा आवाज. तो 'बंद केला' हे शब्द मामीनं कधीच तोंडातून काढले नव्हते. ती रोज संध्याकाळी तो वाढवायची. प्रमोदनं तिला दाखवलं होतं ते कॉम्प्युटर नीट कसा वाढवायचा तेच. मी दर महिन्याला त्याच घराला तोच शब्द वापरून विचारत होते, आणि मला हे एकदाही सुचलं नाही.

त्या दिवशी बंद करायच्या जागी दोन पर्याय आले होते. एकात नुसतं बंद करा, दुसऱ्यात अपडेट करून बंद करा. मामीनं दुसरा दाबला. का, तर त्यात अक्षरं जास्त होती. तिला वाटलं, हे जास्त नीट वाढवत असेल.

सकाळी तिचा फोन आला. "सुमे, पडद्यावर गोल गोल फिरून रायलं. खाली टक्के दाखवून रायलं. आन हे हाक मारून नाई रायले."

मी ओरडलेच, "मामी, त्याला हात लावू नका. काही झालं तरी कॉम्प्युटर बंद होऊ देऊ नका. लाइट जायला नको, बस." एवढं बोलले आणि तशीच निघाले.

*

मे महिन्यातलं अकोला काय असतं ते वेगळं सांगत नाही. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि कॉम्प्युटरखालची बॅटरी म्हातारी झालेली. मध्येच लाइट गेली तर नवं अर्धवट आणि जुनं अर्धवट, दोन्ही गेलं. गाडीत बसून मी दर स्टेशनला फोन करत होते. "लाइट आहे ना?" "हाय." "आहे ना?" "हाय ना, बाई."

घरी पोहोचले तर दारातच भट्टीची धग आली. कूलर बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. मामा बनियनवर, घामानं निथळत पडद्यासमोर. मामीही तशीच.

"हे सगळं बंद का?"

"लाइटीवर लोड नको ना यायले," मामी म्हणाली. "तू म्हनलं ना, लाइट जायले नोको."

मला रडावं की हसावं कळेना. पण गल्लीतून येताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते तेव्हा ध्यानात आलं. गल्लीतला एकही कूलर चालू नव्हता. भर दुपारी, मे महिन्यात, अख्खी गल्ली चिडीचूप.

मामी सकाळीच दारोदार जाऊन सांगून आली होती, "आमच्या यायचा आवाज भरून रायला कॉम्प्युटरमंदी. जरा कूलर वाढवून ठेवा."

आणि लोकांनी ठेवले. समोरचे आजोबा उघड्या ओट्यावर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. मला पाहून त्यांनी हातानंच विचारलं, झालं का?

झालं उन्हं कलल्यावर. नवाकोरा पडदा आला, नवी चित्रं आली आणि मामांचा प्रोग्रॅम उघडेना. दाबलं की एक क्षण उघडायचा आणि मिटायचा. मामा माझ्याकडे एकटक पाहत होते. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या कुठल्या दुखण्यातही वाटली नव्हती, खरं सांगते. शोधत शोधत 'पहिल्यासारखं करा' असं एक बटण सापडलं, ते दाबलं. पुन्हा गोल गोल, पुन्हा टक्के, पुन्हा सगळी गल्ली घामात.

शेवटी जुना पडदा आला. पत्त्यांचा खेळसुद्धा आला. मामांनी खुर्ची ओढली, एका बोटानं सावकाश टाइप केलं आणि एंटर मारलं.

"सुमे, तू जेवली का?"

तोच आवाज. मी तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बराच वेळ तिथेच होते. बाहेर एकेक कूलर सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. प्रमोद परत आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते त्या अख्ख्या डिस्कची नक्कल काढायचं. एक अकोल्यात, एक माझ्याकडे अमरावतीत, कपाटात साड्यांखाली.

*

आता त्याच दुपारचं एक राहिलंय. हे मी ऑफिसात सांगत नाही.

अजून सकाळचंच अपडेट चालू होतं. पडदा निळा, टक्का हलायला तयार नाही. मामा खुर्चीत, मी खाली फरशीवर भिंतीला टेकून. मामी आत स्वयंपाकघरात होती, मध्ये भिंत आणि दाराला पडदा. सगळं बंद असल्यामुळे घरात कसलाही आवाज नव्हता. मामा गळ्याच्या भोकातून श्वास घेतात, त्यांना कुजबुजतासुद्धा येत नाही. पाटी कोनाड्यात होती, तिला त्यांनी हात लावला नव्हता. कीबोर्डलाही नाही. ते नुसते पडद्याकडे बघत बसले होते.

आतून मामीचा आवाज आला, "ओ, आली."

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं, त्याचा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. हातात पाण्याचा गिलास. तो मामांच्या पुढे धरून म्हणाली, "काहून एवढे वरडून रायले? आयकू येते मले."

मामांनी गिलास घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायले.

रिकामा गिलास घेऊन मामी परत निघाली. जाता जाता थांबून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडं टाकून बसले होते.

"तुले बी पायजे असन तं सांगत जा ना, सुमे," ती म्हणाली. "न बोलता मले कसं समजीन?"